शिंदीचे झाड आणि निजामाची आबकारी

आज लातूर जिल्ह्यात असलेला अहमदपूर तालुका 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत होता आणि सप्टेंबर 1948 पर्यंत तेथे निजामाचा अंमल होता, त्यामुळे येथील मद्याचा इतिहास हैदराबाद संस्थानाच्या आबकारीत, म्हणजे मादक पदार्थांवरील करव्यवस्थेत, शोधावा लागतो. त्या व्यवस्थेचा एक मोठा आधार शिंदी हा होता. ओढ्याकाठी आपोआप उगवणारे, खजुराच्या जातीचे हे झाड आणि त्याच्या रसाचे पेय ही दोन्ही याच नावाने ओळखली जातात.

ताडाचा रस फुलोऱ्यातून निघतो. शिंदीचा मात्र शेंड्यालगतच्या झावळ्या तासून, उघड्या पडलेल्या कोवळ्या गाभ्याला खाच देऊन काढतात, आणि पुढच्या हंगामात खाच विरुद्ध बाजूला घेतात, म्हणून जुन्या झाडाचे खोड नागमोडी होत जाते. संध्याकाळी टांगलेले मडके पहाटे उतरवले की रस गोड लागतो. मडक्याला आतून चुना फासलेला असेल तर तो आंबत नाही आणि त्यालाच नीरा म्हणतात. चुना न लावलेल्या, रोजच्या वापरातल्या मडक्याच्या सच्छिद्र मातीत आदल्या रसातले किण्व, म्हणजे साखरेचे मद्यार्क करणारे सूक्ष्मजीव, टिकून राहतात, त्यामुळे नवा रस लवकर फसफसतो, दिवस वर येईल तसा कडक होतो आणि अखेरीस आंबून जातो. भांड्याचा असाच उपयोग दूरवरही दिसतो: अमेरिकेत राय या धान्याचे प्रमाण किमान 51 टक्के ठेवून गाळलेली व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांत मुरवतात आणि काही उत्पादक ती नंतर वाइनच्या रिकाम्या पिंपांत ठेवून तिला द्राक्षाची छटा देतात. तेथे वर्षे लागतात आणि येथे काही तास, पण भांड्यात उरलेल्या आधीच्या पेयाने नव्याला घडवण्याची जाण दोन्हीकडे आहे, आणि शिंदी काढणाऱ्याच्या कसबाला तिचे श्रेय मिळायलाच हवे.

महसुली दप्तरात ते मिळाले नाही. 1316 फसलीच्या, म्हणजे महसुली कालगणनेनुसार इसवी सन 1906-07 च्या, आबकारी कायद्याने मद्याचा व्यवहार सरकारी नियंत्रणाखाली बांधला गेला. झाडागणिक कर बसे, विक्रीचा हक्क लिलावात गुत्तेदाराकडे जाई आणि झाडावर चढणाऱ्याच्या पदरी मजुरी तेवढी पडे. संस्थानाच्या तिजोरीत आबकारीचा वाटा फार मोठा होता, आणि हे नेमके ओळखूनच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या 1947 च्या निजामविरोधी लढ्यात सत्याग्रहींनी मराठवाड्यात शिंदीची झाडे तोडली. राजकीय दृष्टीने तो घाव अचूक होता, मात्र रस काढून पोट भरणाऱ्यांनाही त्याची झळ बसल्याखेरीज राहणे शक्य नव्हते, ही बाजू मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात विस्ताराने यायला हवी. पुढे हा तालुका मुंबई राज्यात आला आणि 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा 1959 च्या विस्तार कायद्याने राज्याच्या उरलेल्या भागांप्रमाणे येथेही लागू झाला.