उसन्या भूमीची परतफेड

युद्धांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि स्वाभाविकपणेंच रणांगणावर खिळलेली असते. पानिपत, प्लासी, वॉटर्लू हीं नांवें शाळेंतील मुलांसही पाठ असतात. परंतु ज्या माळांवर सैन्यें लढावयास शिकलीं, जेथें तोफांची चांदमारी वर्षानुवर्षें चालली, त्या माळांचा इतिहास लिहावा असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. रणांगणावरील लढाई केव्हां तरी संपते. तहनामा होतो, मृतांचीं स्मारकें उभीं राहतात, आणि पुष्कळ ठिकाणीं शेतकरी पुन्हां नांगर धरतो. सरावाच्या मैदानावरील भडिमार मात्र शांततेच्या काळांतही चालूच असतो, आणि त्यास तह नसतो. अशा भूमीचें पुढें काय होतें, ती परत करावयाची झाल्यास कोणत्या स्थितींत करावी, आणि ती स्वच्छ झाली हें कोणीं ठरवावें, हे प्रश्न वरवर पाहतां इंजिनियरांचे वाटतात. आमच्या मतें ते इतिहासाचे आणि नीतीचेही आहेत. एका लहानशा बेटाच्या चरित्रावरून हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पॅसिफिक महासागरांतील हवाई द्वीपसमूहांत आठ मुख्य बेटें आहेत. त्यांतील सर्वांत लहान तें काहोओलावे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ४५ चौरस मैल, म्हणजे मुंबईच्या मूळ शहरभागाच्या दुपटीहून थोडें कमी. शेजारचें माउई बेट तेथून अवघ्या सात मैलांवर आहे. माउईवरील हालेआकाला हा दहा हजार फूट उंचीचा पर्वत ढग अडवितो, आणि सह्याद्रीच्या पूर्वेकडील मुलखाप्रमाणेंच काहोओलावेच्या वांट्यास पाऊस बेताचाच येतो. तथापि हें बेट ओसाड होतें असें नाहीं. हवाईयन लोक त्यास कानालोआ या समुद्रदेवतेचें नांव देत. तेथें देवस्थानें होतीं, मासेमारांच्या वस्त्या होत्या, दगडी हत्यारें घडविण्याची एक मोठी खाण होती. बेटाच्या पश्चिमेकडील सामुद्रधुनीच्या नांवाचा अर्थ ‘ताहितीकडील वाट’ असा आहे; आणि दूरच्या सफरीस निघणारे नावाडी या बेटाच्या माथ्यावर बसून ताऱ्यांचें ज्ञान मिळवीत, अशी परंपरा सांगतात. सरावाचें मैदान म्हणूनच त्याची ख्याति होती म्हणावयाची. फक्त त्या सरावाची खूण मागें उरत नसे.

न्यायाच्या दृष्टीनें येथें एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. या भूमीच्या दुर्दशेचा सर्व दोष आरमाराच्या माथीं मारतां येणार नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत हवाईच्या राज्यानें या बेटाचा उपयोग गुन्हेगारांस हद्दपार करण्यासाठीं केला. पुढें १८५८ पासून तें गुरांच्या व मेंढ्यांच्या चराईसाठीं पट्ट्यानें दिलें गेलें. पाश्चात्त्य गलबतांबरोबर या द्वीपांत आलेल्या शेळ्याही येथें अनिर्बंध वाढल्या. गवत गेलें, झुडपें गेलीं, आणि व्यापारी वाऱ्यांनीं उघडी पडलेली तांबडी माती उचलून समुद्रांत नेली. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेटाचा माथा कठीण व उघडा पडत चालला होता. सारांश, आरमाराच्या हातीं आलें तें बेट आधींच आजारी होतें. परंतु आजारी माणूस आपल्या घरीं आला म्हणून त्याच्या प्रकृतीची जबाबदारी आपणांवर येत नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं.

१९४१ च्या मे महिन्यांत पट्टेदारांनीं बेटाचा कांहीं भाग बाँबफेकीच्या सरावासाठीं अमेरिकन सरकारास दिला. भाडें वर्षास एक डॉलर. त्याच वर्षीं ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला, लष्करी कायदा जारी झाला, आणि संपूर्ण बेट लष्कराच्या ताब्यांत गेलें. जपानव्याप्त बेटांवर सैनिक उतरविण्यापूर्वीं जहाजांवरून किनाऱ्यावर अचूक मारा कसा करावा, याचे धडे काहोओलावेवर गिरविले गेले. त्या सरावामुळें किती सैनिकांचे प्राण वांचले, याचा हिशेब कोणालाही देतां येणार नाहीं. पण ते वांचले असतील हें नाकारण्याचें कारण नाहीं. सैन्यास सराव नको असें शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं, युद्ध संपलें तेव्हां ही उसनवारी संपली काय?

ती संपली नाहीं. २० फेब्रुवारी १९५३ रोजीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं हुकूम क्रमांक १०४३६ काढून बेट आरमाराच्या स्वाधीन केलें. हा हुकूम इतिहासाच्या विद्यार्थ्यानें लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे, कारण त्यांत घेण्याबरोबर देण्याचींही कलमें आहेत. एक कलम असें कीं, बेटावरील खुरांच्या जनावरांचा आरमारानें नायनाट करावा, निदान त्यांची संख्या दोनशेंवर जाऊं देऊं नये. दुसरें असें कीं, बेटाची गरज संपेल तेव्हां तें मनुष्यवस्तीस वाजवी रीतीनें सुरक्षित करून द्यावें, आणि त्याचा खर्च हवाईच्या प्रांतावर पडूं नये. शेळ्यांच्या कलमांत आंकडा आहे. सुरक्षिततेच्या कलमांत नाहीं. ‘वाजवी रीतीनें सुरक्षित’ म्हणजे किती, किती खोलपर्यंत, आणि कोणाच्या मापानें, याविषयीं हुकूम मौन धरतो. कर्जरोखा लिहिला गेला, सहीही झाली, पण रकमेची जागा कोरीच राहिली. आमच्या मतें पुढील पन्नास वर्षांचा इतिहास या कोऱ्या जागेचाच इतिहास आहे.

जेथें आंकडा होता तें कलमही पाळलें गेलें नाहीं. शेळ्या पुढें कित्येक वर्षें हजारोंनीं हिंडत राहिल्या. त्यांचा पूर्ण बंदोबस्त व्हावयास १९९० चें दशक उजाडलें. भडिमारही थांबला नाहीं. कोरियाच्या आणि व्हिएतनामच्या युद्धांसाठीं वैमानिक येथेंच तयार झाले. १९६५ सालीं तर बेटाच्या किनाऱ्यावर प्रत्येकीं पांचशें टन स्फोटक द्रव्य रचून तीन प्रचंड स्फोट करण्यांत आले. अणुस्फोटाच्या धक्क्यानें जहाजांचें काय होईल तें पाहणें हा उद्देश. त्या स्फोटांच्या खड्ड्यांत आज समुद्राचें खारें पाणी साचलेलें आहे. बेटाच्या पोटांतील गोड्या पाण्याच्या थरास त्या वेळीं तडा गेला असावा, असा संशय अनेकांनीं व्यक्त केला आहे.

१९७६ च्या जानेवारींत नऊ माणसें होडींतून या निषिद्ध बेटावर उतरलीं. त्यांत डॉ. नोआ एमेट आलुली हे एक तरुण वैद्य होते. या चळवळीचें तत्त्व दोन हवाईयन शब्दांत सांगतात: ‘अलोहा आइना’, म्हणजे भूमीविषयींची प्रीति. पुढच्याच वर्षीं, मार्च १९७७ मध्यें, चळवळीचे पुढारी व गायक जॉर्ज हेल्म आणि त्यांचे सहकारी किमो मिचेल हे दोघे बेटाजवळील समुद्रांत नाहींसे झाले. दुसरीकडे न्यायालयांतही झगडा चालू होता. १९७६ मध्यें दाखल झालेल्या दाव्यांत, सरावाचा सृष्टीवर होणारा परिणाम तपासावा आणि बेटावरील ऐतिहासिक स्थळांची मोजदाद करावी, असा आदेश न्यायालयानें दिला. बाँबफेकीसाठीं निरुपयोगी म्हणून निवडलेल्या या भूमीवर पांचशेंहून अधिक प्राचीन स्थळें आढळलीं, आणि १९८१ सालीं अख्ख्या बेटाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत नोंद झाली. ज्या देशानें एका हातानें तें बेट यादींत घातलें, त्याच देशाच्या दुसऱ्या हातानें त्यावर पुढें नऊ वर्षें बाँब टाकले. ऑक्टोबर १९९० मध्यें अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या हुकमानें तोफा शांत झाल्या.

आतां कोरी जागा भरण्याची वेळ आली. १९९३ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें बेटाच्या सफाईसाठीं व पुनरुज्जीवनासाठीं चाळीस कोटि डॉलरांची मर्यादा घातली. ७ मे १९९४ रोजीं बेटाची मालकी हवाई राज्याकडे आली. योजना अशी ठरली कीं, सर्व पृष्ठभाग साफ करावा, आणि सुमारें तीस टक्के भाग चार फूट खोलीपर्यंत निर्धोक करावा. हें काम कसें चालतें तें समजून घेण्यासारखें आहे. जमिनीचे चौकोन पाडतात; लोखंडाची चाहूल लागतांच खूण दाखविणारें चुंबकीय यंत्र घेऊन माणसें ओळीनें चालतात; जेथें खूण होते तेथें निशाण लावतात; आणि मग एकेक निशाण हातानें उकरतात. पुष्कळदां खालीं निघतो तो केवळ पत्र्याचा तुकडा. पण तो तुकडा आहे कीं न फुटलेला गोळा, हें उकरल्यावांचून कळत नाहीं. त्यांतच काहोओलावेचा खडक ज्वालामुखीचा, आणि मातींतच लोह. त्यामुळें दगडही यंत्रास फसवितात. शिवाय वारा व पाऊस माती वाहून नेतात तसतसे काल पुरलेले गोळे उद्यां वर येतात. साफ केलेली जमीन साफच राहील असें नसतें.

१९९८ च्या सुमारास सुरू झालेलें हें काम २००४ मध्यें संपलें. संपलें याचा अर्थ मुदत आणि पैसा संपला. पृष्ठभागाचा सुमारें तीनचतुर्थांश भाग साफ झाला. चार फूट खोलीपर्यंतची सफाई बेटाच्या दहाव्या हिश्शापर्यंतच पोहोंचली. उरलेल्या चतुर्थांशास हातही लागला नाहीं, आणि भोंवतालचा समुद्रतळ तसाच राहिला. ज्या मजुरांनीं व तज्ज्ञांनीं जिवावर उदार होऊन लक्षावधि पौंड लोखंड त्या भूमींतून काढलें, त्यांच्या श्रमांस आम्ही उणेपणा देत नाहीं. उणेपणा आहे तो हिशेबाचा. १९५३ मध्यें खर्चाचा अंदाज न करतां दिलेलें वचन १९९३ मध्यें अंदाजपत्रकांत बसविलें गेलें. आणि वचनानें पैशाचें माप ठरविण्याऐवजीं पैशानें वचनाचें माप ठरविलें.

या अपुरेपणाचे परिणाम पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं. आज स्वयंसेवक बेटावर देशी गवत व झुडपें लावतात. पण जेथें जमिनीच्या पोटाची हमी नाहीं, तेथें रोपासाठीं खड्डा खणतां येत नाहीं. कठीण जमिनीवर मातीचे ढीग रचून त्यांत रोपें लावावीं लागतात. फेब्रुवारी २०२० मध्यें बेटावर वणवा पेटला आणि सुमारें तीस टक्के भूभाग जळाला. न फुटलेल्या गोळ्यांच्या भयानें अग्निशामक दलास त्यांत उतरतां आलें नाहीं. झाड लावणें आणि आग विझविणें या मनुष्याच्या अगदीं साध्या गोष्टी. त्याच जेथें करतां येत नाहींत, ती भूमि वाजवी रीतीनें सुरक्षित आहे काय, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

लोखंडाचा धोका निदान हातास लागतो. त्याहून सूक्ष्म धोका पाण्यांत विरघळतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स संस्थानांत केप कॉड येथें असेंच एक जुनें लष्करी मैदान आहे. तेथील जमीन रेताड, आणि खालच्या भूजलावर आसपासच्या गांवांची तहान अवलंबून. स्फोटक द्रव्यांचे अंश झिरपून त्या पाण्यांत उतरल्याचें आढळलें, आणि १९९७ मध्यें पर्यावरण खात्याच्या आदेशानें तेथील बहुतेक प्रत्यक्ष गोळीबार बंद करावा लागला. तेथील मोजमाप चार फुटांचें नव्हतें. विहिरीच्या पाण्याच्या थेंबाथेंबाचें होतें. भूमीची परीक्षा करतांना तिच्यावर काय पडलें एवढेंच पाहून भागत नाहीं. तिच्यांतून काय वाहतें हेंही पाहावें लागतें.

हा सर्व विषय आपणांस परका आहे असें मात्र कोणी समजूं नये. देवळाली व नगर या बाजूंच्या वाचकांस तोफांच्या सरावाचा आवाज परिचयाचा आहे. सैनिकी कवायती व तोफांच्या सरावासंबंधीं १९३८ चा एक कायदा आपल्या देशांत आहे. त्यांत, कवायतीसाठीं वापरलेल्या जमिनी शक्य तितक्या लवकर व शक्य तितक्या प्रमाणांत पूर्वस्थितीस आणण्याचें कर्तव्य सेनाधिकाऱ्यावर सोंपविलें आहे. कलम उदार आहे. परंतु ‘वाजवी रीतीनें’ आणि ‘शक्य तितक्या’ हे एकाच घराण्यांतले शब्द होत. त्यांच्यांत वाईट कांहीं नाहीं. पण त्यांचें माप देणाऱ्यानें एकट्यानें ठरवूं नये, आणि परतफेडीच्या दिवशीं ठरवूं नये. तें घेण्याच्याच दिवशीं, घेणारा आणि ज्याचें घेतलें तो अशा दोघांनीं मिळून ठरवावें.

काहोओलावे आज हवाई राज्याकडे आहे तें मालकीच्या अभिमानानें नव्हे, तर ठेव म्हणून. तेथें व्यापारी उपयोगास कायमची बंदी आहे, आणि मूळच्या हवाईयन लोकांची सार्वभौम संस्था मान्यता पावेल तेव्हां बेट तिच्या स्वाधीन करावयाचें, असें राज्याच्या कायद्यांत लिहिलेलें आहे. ही ठेव ज्या दिवशीं खऱ्या धन्याच्या हातीं जाईल, त्या दिवशीं १९५३ च्या रोख्यांतील कोरी जागा त्यालाच वाचावी लागेल. तोंवर कोणी तरी तेथें मातीचा एकेक ढीग रचून गवत लावीत आहे; आणि कर्जाची फेड चालू आहे ती इतकीच.