फेशियल नर्व्ह मॉनिटर म्हणजे काय? फेस-लिफ्टमध्ये चेहऱ्याची नस कशी जपतात?

माझ्या मावशीने फेस-लिफ्ट करायचं ठरवलं, पण मनात एकच भीती होती : "तोंड वाकडं झालं तर?" डॉक्टर म्हणाले, "मॉनिटर लावणार आहोत." घरी येऊन तिने मला विचारलं, हे मॉनिटर नक्की करतं काय? तिला जे सांगितलं तेच इथे मांडतोय.

नस जाते कुठून?

फेशियल नर्व्ह कानामागे कवटीतून बाहेर पडते आणि कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीत शिरते. तिथे तिच्या पाच मुख्य शाखा होतात : कपाळ, डोळ्याभोवतीचा भाग, गाल, जबड्याची कड आणि मान. गालाच्या शाखा एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीला इजा झाली तरी दुसरी बरंचसं काम सांभाळते. कपाळाच्या आणि जबड्याच्या शाखेला असा आधार कमी. पहिली दुखावली तर भुवई उचलत नाही, दुसरी दुखावली तर हसू तिरकं होतं.

सर्जनचा नकाशा

ब्राझीलचे सर्जन इव्हो पितांगी यांनी १९६६ मध्ये कपाळाच्या शाखेची वाट दाखवणारी रेषा मांडली : कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्याखाली अर्धा सेंमी ते भुवईच्या बाहेरच्या टोकावर दीड सेंमी. १९७६ मध्ये त्वचेखालच्या 'स्मास' या थराचं वर्णन झालं. गालात शाखा या थराच्या खालून जातात. म्हणून आपण कुठल्या थरात आहोत हे सर्जनला सतत माहीत असावं लागतं.

मॉनिटर काय करतं?

चेहऱ्याच्या स्नायूंमध्ये बारीक सुयांचे इलेक्ट्रोड बसवतात. नस ताणली किंवा डिवचली गेली की स्नायूत सूक्ष्म विद्युत हालचाल होते. मशीन आवाज करतं, स्क्रीनवर लहर दिसते. शंका आली तर सर्जन प्रोबने अगदी हलका करंट देऊन बघतात. स्नायू फडफडला, म्हणजे नस जवळच आहे.

पण मर्यादा लक्षात घ्या. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल असेल किंवा भुलीचं औषध नसेपर्यंत पोहोचलं असेल, तर मशीन गप्प राहू शकतं. कॉटरी चालू असताना सिग्नलमध्ये गोंधळ होतो. आणि नस कापली गेलीच, तर आवाज आला तरी उशीर झालेला असतो. थोडक्यात, हा भोंगा आहे, चिलखत नाही. अनेक फेस-लिफ्ट मॉनिटरशिवायही नीट होतात.

डॉक्टरांना काय विचाराल?

• तुम्ही कुठल्या थरात काम करता?
• अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?
• मॉनिटर असेल तर स्नायू शिथिल करणारं औषध कसं सांभाळणार?

ऑपरेशननंतर काही तास चेहरा ढिला वाटला, तर ते भुलीच्या औषधामुळेही असू शकतं. नस फक्त ताणली गेली असेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ताकद परत येते. पण डोळा पूर्ण मिटत नसेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. बुबुळ कोरडं पडून इजा होऊ शकते.

मावशीने हे प्रश्न कागदावर लिहून नेले. तुम्हीही न्या.