तुमची यादी कुठल्या देशातली? : हर्बी हॅनकॉकचे अल्बम इतिहासाचं साधन म्हणून वाचताना

सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपण सगळे एक काम अगदी सुरुवातीलाच करून टाकतो. विषयाचे कालखंड पाडतो. पहिला टप्पा, संक्रमणकाळ, दुसरा टप्पा. पान भरतं, मनाला बरं वाटतं. मीही तेच केलं होतं. कोर्सवर्क संपल्यावर लिहिलेल्या माझ्या पहिल्या चॅप्टरच्या मसुद्यात तीन सुबक कालखंड होते. गाईड मॅडमनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "ही यादी कुठल्या देशातली आहे?" त्या प्रश्नाने माझे तिन्ही कालखंड मोडले. ते कसे, हे आज सांगते. तुमचा विषय संगीताचा नसला तरी हा खड्डा तुमच्याही वाटेवर आहे.

माझा चॅप्टर हर्बी हॅनकॉकवर होता. जन्म १९४०, शिकागो. अकराव्या वर्षी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर मोत्सार्टच्या पियानो कॉन्चेर्तोचा भाग वाजवलेला मुलगा. कॉलेजात आधी विद्युत अभियांत्रिकीकडे गेलेला आणि मग संगीताकडे वळलेला. १९६२ मध्ये ब्लू नोट कंपनीने त्याचा पहिला अल्बम काढला, 'टेकिन ऑफ'. १९६३ पासून पुढे सुमारे पाच वर्षं तो माइल्स डेव्हिसच्या पंचकात पियानो वाजवत होता. त्याच काळात 'एम्पिरियन आइल्स' (१९६४) आणि 'मेडन व्हॉयेज' (१९६५) हे त्याचे स्वतःचे अल्बम ध्वनिमुद्रित झाले. जॅझच्या कुठल्याही इतिहासात ते सापडतातच.

आता माझे कालखंड बघा. पहिला, १९६२ ते १९६८ : साधा पियानो, शुद्ध जॅझ. दुसरा, १९६९ ते १९७३ : प्रयोग. यात 'म्वांदिशी', 'क्रॉसिंग्ज' आणि 'सेक्स्टंट' हे तीन अल्बम, ज्यांत इलेक्ट्रिक पियानो आणि सिंथेसायझर आले, रचना लांबल्या, आणि वादकांनी स्वाहिली नावं घेतली. 'म्वांदिशी' हे हॅनकॉकचंच स्वाहिली नाव, अर्थ 'लिहिणारा'. तिसरा, १९७३ नंतर : फंक, डिस्को, बाजार. सुरुवात ऑक्टोबर १९७३ च्या 'हेड हंटर्स'पासून. हा अल्बम अमेरिकेत पुढे प्लॅटिनम ठरला, म्हणजे दहा लाखांवर प्रती. शेवट १९८३ च्या 'फ्यूचर शॉक'वर, ज्यातल्या 'रॉकिट'मध्ये तबकडी हाताने मागेपुढे घासून काढलेले आवाज आहेत.

या मांडणीतून एक निकाल आपोआप बाहेर पडतो : माणूस जॅझ सोडून पैशाकडे गेला. त्या काळात जॅझच्या काही समीक्षकांनी आणि चाहत्यांनी नेमका हाच आरोप केला. मी तो आरोप तपासायला निघाले होते आणि मसुद्याच्या शेवटी तोच निष्कर्ष म्हणून लिहून बसले होते. माझी काळविभागणीच मुळात त्या आरोपातून आली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिली चीर तर अमेरिकन यादीतच होती, मीच ती बघितली नाही. 'हेड हंटर्स'वर चारच रचना आहेत. त्यातली दुसरी 'वॉटरमेलन मॅन'. ती नवी नाही, १९६२ च्या पहिल्या अल्बमवरचीच. लहानपणी शिकागोच्या गल्लीतून कलिंगडवाल्याची गाडी जायची, तिच्या चाकांच्या लयीवरून ती सुचली, असं हॅनकॉकने सांगितलंय. पहिल्या अल्बमनंतर लगेचच, १९६३ मध्ये, क्यूबन तालवादक मोंगो सांतामारियाने ती वाजवली आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वरच्या दहात नेली. म्हणजे 'शुद्ध जॅझ'च्या माझ्या पहिल्या कालखंडाच्या पहिल्याच अल्बमच्या पहिल्याच रचनेत बाजार, नाच आणि रस्त्यावरची लय हजर होती. १९६९ चा 'फॅट अल्बर्ट रोटुंडा' तर टीव्हीवरच्या एका कार्टून कार्यक्रमाच्या संगीतातून आला आणि तो सरळसरळ फंककडे झुकलेला आहे. मी त्याला 'प्रयोग' या खान्यात कोंबून मोकळी झाले होते.

उलट बाजूही बघा. १९७३ च्या 'वॉटरमेलन मॅन'ची सुरुवात बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकून करतो. ही नक्कल आहे मध्य आफ्रिकेतल्या बा-बेंझेले लोकांच्या एका वादनाची, ज्यात एकच सूर देणारी पिपाणी आणि गळ्याचा आवाज आळीपाळीने येतात. सिमा आरोम आणि जेनेव्हिएव्ह टॉरेल यांनी ध्वनिमुद्रित केलेली त्या संगीताची तबकडी १९६६ मध्ये निघाली होती आणि तिथून हा आवाज 'हेड हंटर्स'वर आला. ज्याला मी 'बाजारू' म्हणत होते, त्या अल्बमच्या पोटात संगीत-मानववंशशास्त्राची एक तबकडी लपली होती. त्या मूळ वादकांना यातून काय मिळालं, हा प्रश्नही ओघाने येतो. स्टीव्हन फेल्डने १९९६ मध्ये त्यावर लेख लिहिला. संगीतावर संशोधन करणार असाल तर जरूर वाचा.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येते. माझी यादी अमेरिकेत निघालेल्या अल्बमची होती. पण १९७३ पासून हॅनकॉक कोलंबिया कंपनीकडे होता. तिची मालक सीबीएस, आणि सीबीएसने जपानमध्ये सोनीबरोबर भागीदारीत सीबीएस-सोनी ही कंपनी १९६८ मध्येच काढली होती. या जपानी कंपनीने हॅनकॉकचे काही अल्बम स्वतंत्रपणे केले. ते तिथेच ध्वनिमुद्रित झाले, तिथेच विकले गेले आणि अमेरिकेच्या दुकानांत वर्षानुवर्षं अधिकृतपणे आलेच नाहीत.

ते यादीत टाकल्यावर काय होतं बघा.

जुलै १९७४, टोकियो. अल्बम 'डेडिकेशन'. एका बाजूला 'मेडन व्हॉयेज' आणि 'डॉल्फिन डान्स', दोन्ही १९६५ च्या रचना, एकट्या साध्या पियानोवर. दुसऱ्या बाजूला एकटा हॅनकॉक आणि सिंथेसायझर. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत 'थ्रस्ट' हा 'हेड हंटर्स'च्या पुढचा फंक अल्बम ध्वनिमुद्रित झाला. माझ्या हिशेबाने ज्याने साधा पियानो सोडून दिला होता, तो काही आठवड्यांच्या अंतराने दोन्ही करत होता.

ऑक्टोबर १९७८, पुन्हा टोकियो. एकाच महिन्यात दोन अल्बम. 'डायरेक्टस्टेप'मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक बँड आणि व्होकोडर, म्हणजे माणसाच्या आवाजाला यंत्राचा सूर देणारं उपकरण. 'द पियानो'मध्ये फक्त तो आणि पियानो. दोन्ही थेट तबकडीवर कोरलेले. हे तंत्र थोडं समजून घ्या. नेहमी वादन आधी टेपवर घेतात. मग चुका कापतात, चांगले तुकडे जोडतात आणि शेवटी तबकडी बनते. थेट कोरण्यात टेप नसतेच. वाजवताना सुई समोर फिरणाऱ्या मूळ तबकडीवर खाच पाडत जाते. एक बाजू सलग वाजवायची, दोन रचनांमध्ये मोजकं थांबायचं, आणि चूक झाली तर ती सगळी बाजू पुन्हा. बोटांवर भरवसा नसलेला वादक या फंदात पडणार नाही. पुढे १९७९ च्या सुरुवातीला अमेरिकेत त्याचा 'फीट्स डोन्ट फेल मी नाऊ' हा डिस्को अल्बम आला. 'द पियानो' मात्र अमेरिकेत निघाला २००४ मध्ये. म्हणजे तिथल्या श्रोत्याला आणि समीक्षकाला जवळजवळ पंचवीस वर्षं अर्धाच माणूस ऐकू येत होता. निकाल त्या अर्ध्यावर दिला गेला.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं झालं की. जपानी अल्बम हा खरा हॅनकॉक, अमेरिकन अल्बम पोटासाठी. मीही दुसऱ्या मसुद्यात हेच लिहिलं, आणि तोही परत आला. कारण ही उलटी बाजूही तितकीच आळशी आहे. जपानमध्ये साध्या पियानोच्या जॅझला आणि उत्तम ध्वनिमुद्रणाला पैसे मोजणारा ग्राहक होता, म्हणून तिथल्या कंपनीने ते अल्बम केले. तोही बाजारच. एक कंपनी एका देशाला एक माल देत होती आणि दुसऱ्या देशाला दुसरा. वादक दोन्हीकडे मनापासून वाजवत असेल, त्यात विरोध काहीच नाही. १९७६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला न्यूपोर्ट महोत्सवात त्याने एकाच रात्री तीन संच मंचावर आणले : जुन्या पंचकाच्या वळणाचा, 'म्वांदिशी'चा आणि फंकचा. पुढच्या वर्षी तो 'व्ही.एस.ओ.पी.' या नावाने दोन तबकड्यांच्या संचात निघाला. मी ज्यांना कालखंड म्हणत होते, ते त्या रात्री एकामागोमाग एक मंचावर उभे होते.

म्हणून माझा आजचा निष्कर्ष एवढाच आहे : अल्बम म्हणजे कलाकाराची रोजनिशी नव्हे. तो वादक, कंपनी आणि विशिष्ट देशातला ग्राहक यांच्यातल्या एका व्यवहाराचा दस्तऐवज आहे. अल्बमच्या यादीवरून आपल्याला कळतं ते एवढंच, की कुठे काय विकायचं ठरलं. 'त्याच्या मनात काय बदललं' हे त्या यादीवरून सिद्ध होत नाही.

मनातलं कळायला आत्मचरित्र आहेच की, असंही वाटेल. ते आहे, २०१४ चं. फंककडे वळण्याचा क्षण हॅनकॉकने नंतर छान सांगितलाय : बौद्ध जप करताना स्लाय स्टोनचं गाणं मनात घुमू लागलं. पण १९७३ ची गोष्ट चाळीस वर्षांनी पुस्तकात येते, तेव्हा तिच्याकडे आपण बखरीकडे बघतो तसंच बघायला हवं. सभासदाची बखर आपण फेकून देत नाही. पण ती महाराजांच्या निधनानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आश्रयाने लिहिली गेली, हे विसरून वाचतही नाही. आठवणीलाही हाच नियम.

शेवटी कामाची गोष्ट. तुमचं साधन पुस्तक असो, सिनेमा, वर्तमानपत्र की तबकडी, एक तक्ता करा आणि त्यात पाच खाने ठेवा : प्रत्यक्ष कधी घडलं किंवा निर्माण झालं, प्रसिद्ध कधी झालं, कुठे झालं, कोणी केलं, आणि दुसरीकडे कधी पोचलं. पहिल्या आणि शेवटच्या खान्यात मोठं अंतर दिसलं की तिथे थांबा. हॅनकॉकचे १९७२ ते १९८८ चे कोलंबियाचे अल्बम, जपानी अल्बमसकट, चौतीस सीडींच्या एका पेटीत २०१३ मध्ये एकत्र आले. त्याआधी लिहिलेलं आणि त्यानंतर लिहिलेलं यांत फरक पडला का, हाच आता माझ्या नव्या चॅप्टरचा प्रश्न आहे.

तिसरा मसुदा मॅडमकडे गेलाय. त्यात कालखंड नाहीत, तक्ता आहे. परत आला तर का आला, तेही सांगेन. तोवर तुमच्या सिनॉप्सिसमधले टप्पे एकदा काढून बघा आणि स्वतःला विचारा, ही यादी कुठल्या देशातली आहे?