सोमरस, अळंबी आणि नैराश्याचं औषध

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की आपल्या परभणी जिल्ह्यात बांधावर, उकिरड्याजवळ, कुजक्या लाकडावर 'कुत्र्याच्या छत्र्या' उगवतात. एरवी त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नसे. अलीकडे मात्र ओपीडीत वेगळाच प्रश्न येतो : "सर, मशरूमनं डिप्रेशन बरं होतं म्हणे. आपल्या ऋषींचा सोमरसही मशरूमचाच होता ना? मग या गोळ्या कशाला?" या प्रश्नाचे दोन भाग आहेत, एक इतिहासाचा आणि एक औषधाचा. दोन्ही नीट समजून घेऊ.

सोम म्हणजे अळंबी, हे कुणी सांगितलं?

गॉर्डन वॅसन हे न्यूयॉर्कच्या एका बँकेतले मोठे अधिकारी. अळंबीचा अभ्यास हा त्यांचा छंद. 1955 मध्ये मेक्सिकोतल्या एका डोंगराळ गावात मारिया सबिना या वैदू बाईंनी त्यांना रात्रीच्या विधीत अळंबी दिली. मारिया सबिना ती अळंबी आजाऱ्यांना बरं करण्यासाठी वापरत, मौजेसाठी नाही. 1957 मध्ये वॅसन यांचा लेख 'लाइफ' मासिकात आला आणि जगभरातले हौशी लोक त्या गावात येऊन धडकले. त्याचा त्रास झाला तो मारिया सबिना यांनाच. पुढच्याच वर्षी स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी त्या अळंबीतलं द्रव्य वेगळं केलं. त्याचं नाव सायलोसायबिन.

1968 मध्ये वॅसन यांनी पुस्तक लिहिलं आणि ऋग्वेदातला सोम म्हणजे 'अमानिता मस्कारिया' ही लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी असल्याचं मांडलं. त्यांचा मुद्दा असा : सोम डोंगरात मिळतो, पण ऋग्वेदात त्याच्या पानाफुलांचं, मुळांचं वर्णन नाही.

पुण्याचं उत्तर

सगळ्यांना हे पटलं नाही. पुण्यात चिं. ग. काशीकर यांनी आयुष्यभर श्रौतग्रंथांचा, म्हणजे यज्ञविधी सांगणाऱ्या ग्रंथांचा अभ्यास केला होता. सोम कोणता, यावरचं त्यांचं पुस्तक टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने 1990 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांचा कौल इफेड्रा या झुडपाकडे होता. या झुडपाला पानं जवळजवळ नसतातच, नुसत्या हिरव्या काड्या असतात. पारशी धर्मगुरू त्यांच्या विधीत 'होम' म्हणून याच काड्या वापरतात, आणि 'सोम' व अवेस्तातला 'हओम' हे मुळात एकच शब्द. आपल्याकडच्या सोमयागात वापरतात ती सोमवल्ली मात्र आणखी वेगळी, बिनपानांची, चिकाची वेल. ती मूळ सोमाची जागा घेणारी पर्यायी वनस्पती, असं बरेच अभ्यासक मानतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

पण औषधाच्या दृष्टीनं काय?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वॅसन बरोबर ठरले, तरी त्यांच्या लाल अळंबीत सायलोसायबिन नसतं. तिच्यात मस्किमॉल असतं, आणि त्याचं मेंदूवरचं काम अगदी निराळं. काशीकर बरोबर ठरले, तर सोमात इफेड्रिन होतं. ते झोप उडवतं, नाडी आणि बीपी वाढवतं. एके काळी आम्ही डॉक्टर ते दम्यासाठी देत होतो. दोन्हीकडून पाहिलं तरी सोमरसाचा दाखला नैराश्याच्या उपचाराला लागू पडत नाही.

सायलोसायबिनवर खरं संशोधन चालू आहे, हे मात्र नक्की. शरीरात त्याचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका जागेवर बसतं. त्यातून रंग, आवाज, वेळ यांचे भास होतात. ते चार ते सहा तास टिकतात. 2022 मध्ये, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या 233 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 25 मिलिग्रॅमच्या एका डोसनंतर तीन आठवड्यांनी 1 मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा सुधारणा जास्त दिसली. बारा आठवड्यांपर्यंत हा फरक बराच ओसरला. काही रुग्णांत आत्महत्येचे विचारही नोंदले गेले. आणि हे सारं मोजून दिलेल्या शुद्ध औषधावर, प्रशिक्षित माणूस शेजारी बसलेला असताना.

तुम्ही काय करावं?

• रानातली अळंबी ओळख पटल्याशिवाय खाऊ नका. काही विषारी जातींची लक्षणं सहा ते बारा तासांनी सुरू होतात. उलट्या-जुलाब थांबतात, बरं वाटतं, आणि मग दोन-तीन दिवसांत लिव्हर निकामी होतं. शिजवून हे विष जात नाही. चांदीचा चमचा, लसूण काळा पडणं या परीक्षांवर विसंबू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात या, उरलेली अळंबी सोबत आणा.

• घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, तर अशा द्रव्यांनी तो उफाळून येऊ शकतो.

• सायलोसायबिन बाळगणं हा आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. ऑनलाइन पुडीत नेमकं काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

• चालू गोळ्या एकदम बंद करू नका. गुण येत नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, समुपदेशनाची जोड देता येते. मनात मरणाचे विचार येत असतील तर आजच बोला. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

सोम कोणता, हे पंडित ठरवतील. त्यांना घाई नाही. तुमच्या नैराश्याला मात्र थांबायला वेळ नाही, आणि त्यावर उपचार आजही उपलब्ध आहेत.