वाघ एक की दोन?

गेल्या महिन्यात शनिवार-रविवार जोडून आम्ही चौघे ताडोब्याला जाऊन आलो. मोहर्ली गेट, जिप्सी, भाड्याने आणलेली भलीमोठी लेन्स, सगळं साग्रसंगीत! शनिवारी संध्याकाळी वाघीण दिसली आणि रविवारी सकाळी पुन्हा दिसली. मी म्हणतो तीच होती, एक मित्र म्हणतो दुसरी. मिसळीची पैज लागलीये. माझ्याकडे सव्वातेराशे फोटो आहेत, मग निकाल लावायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं होतं.

माणसाच्या बोटांचे ठसे तसे वाघाचे पट्टे, हे आपण सगळ्यांनीच कुठेतरी वाचलेलं असतं. पण हे पहिल्यांदा नीट पाहिलं कोणी? हे शोधायला बसलो आणि एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा माणूस सापडला. रविवार त्यातच गेला.

हा इंग्रज माणूस १९१३ साली हिंदुस्थानात आला. आधी पोलिसात, मग महायुद्धात आणि त्यानंतर संयुक्त प्रांतात (म्हणजे आजचा उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड) वनखात्यात. फोटोग्राफी हा त्याचा छंद, पोट नोकरीवर. म्हणजे आपल्यासारखाच, फक्त त्याचं ऑफिस शिवालिकच्या जंगलात होतं! त्या काळी साहेब आणि वाघ यांचा एकत्र फोटो म्हणजे वाघ आडवा आणि साहेबाचा बूट त्याच्यावर. चॅम्पियनला मात्र वाघ चालताना हवा होता, स्वतःच्या वाटेवर, स्वतःच्या तंद्रीत.

त्याने केलं काय, तर जनावरं रात्री ज्या पायवाटांनी जातात त्या हेरायच्या, तिथे कॅमेरा लपवायचा आणि वाटेवर एक बारीक तार आडवी बांधायची. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमची पूड भक्कन पेटायची आणि शटर पडायचं. वाघाने स्वतःच काढलेला स्वतःचा फोटो! सेल्फी म्हणायला हरकत नाही. पण काचेची प्लेट एक, फ्लॅशची पूड एकदाच भरलेली. त्यामुळे एका रात्रीत एका कॅमेऱ्याला एकच संधी. ती साळिंदराने वाया घालवली की सकाळी पुन्हा सगळी मांडामांड. मी एका वाघिणीवर सव्वातेराशे वेळा बटण दाबलंय, हे इथे जरा लाजूनच लिहितोय.

कल्पना पूर्णपणे त्याची नव्हे. अमेरिकेत जॉर्ज शिरास या वकिलाने हरणांसाठी तारेचा आणि फ्लॅशचा प्रयोग आधीच केला होता. १९०६ साली नॅशनल जिओग्राफिकने त्याचे ७४ फोटो एका अंकात छापले, तेव्हा संस्थेच्या दोन संचालकांनी 'हे काय चित्रांचं पुस्तक आहे का' म्हणून राजीनामे दिले म्हणे. असो.

चॅम्पियनचे वाघ १९२५ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये झळकले आणि १९२७ साली त्याचं पुस्तक आलं. फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नाहीत. म्हणजे वाघाला गोळी न घालता, हात न लावता ओळखता येतं. हे फोटो पाहून जिम कॉर्बेटलाही कॅमेऱ्याचं वेड लागलं. सिनेकॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बिचकतात म्हणून त्या पठ्ठ्याने ओढ्यात छोटे बांध घातले. पाण्याच्या खळखळाटात कॅमेऱ्याचा आवाज बुडावा म्हणून! (आपण जिप्सीत 'अरे तो बघ, तो बघ' ओरडतो.)

गंमत म्हणजे आपल्याकडे त्यानंतर कित्येक दशकं वाघ मोजले जायचे ते पावलांच्या ठशांवरून. पट्ट्यांची युक्ती मोजणीत खऱ्या अर्थाने आणली उल्हास कारंथ यांनी, १९९० च्या दशकात नागरहोळेमध्ये. तारेऐवजी आता सेन्सर होता, बाकी तत्त्व चॅम्पियनचंच. २००६ पासून देशभराच्या गणनेत कॅमेरे आले आणि २०१८-१९ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून जवळजवळ साडेतीन कोटी फोटो मिळाले. त्यातले वाघांचे ७६,६५१. सॉफ्टवेअरने पट्टे जुळवून त्यातून बछडे सोडून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. हे वाचून माझ्यातला कोडर उगाचच खूश झाला.

तर आता पैज. दोन्ही दिवसांचे चांगले फोटो मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. खांद्यावरचे पट्टे पाहिले, मांडीवरचे पाहिले. काहीच जुळेना. मित्राला फोन करून हार मानणार होतो, तेवढ्यात ट्यूब पेटली. वाघाच्या उजव्या आणि डाव्या बाजूचे पट्टेही एकमेकांसारखे नसतात. म्हणून तर गणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. शनिवारी बाईसाहेब डावीकडून उजवीकडे गेल्या, रविवारी उजवीकडून डावीकडे. माझ्याकडे शनिवारची फक्त उजवी बाजू आहे आणि रविवारची फक्त डावी. सव्वातेराशे फोटो, आणि वाघ एक की दोन ते सांगता येत नाही!

मित्राचं म्हणणं, कॅमेरा माझ्या हातात होता, तेव्हा मिसळ मीच द्यायची. त्यावर अजून चर्चा चालू आहे.