पहिला चॅम्पियन, तूर्तास

तुम्ही भंडाऱ्यात उतरता तेव्हा रविवारचे रात्रीचे नऊ वाजलेत. तारीख 19 डिसेंबर 1971. लढाई थांबून दोनच दिवस झालेत, म्हणून पानठेल्यावर ट्रान्झिस्टरला गराडा आहे आणि प्रत्येकाकडे ढाक्याची स्वतःची अशी एक बातमी आहे. ज्यांच्या घरचं कुणी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला आहे, ते आज जरा जास्तच छाती काढून बोलतायत. बोलू द्या, त्यांचा हक्कच आहे. नागपूरहून 'लोकमत' दैनिक म्हणून निघायला लागून चार दिवस झालेत. धान कापून झालंय, गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दंडारीचं लोकनाट्य रंगलंय. एखाद्या शाळेत डोकावून भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा पाहा. गोंदिया त्यातच आहे, 1999 पर्यंत राहील.

खेळाचा विषय काढलात तर गाडी थेट क्रिकेटवर, कप्तान वाडेकरांवर जाईल. आधी वेस्ट इंडिज, मग ऑगस्टमध्ये ओव्हल, दोन्हीकडे जिंकले. असं वर्ष पुन्हा यायचं नाही, असं सगळ्यांचं मत. फुटबॉलचं विचारलंत तर एखादा जाणकार मुंबईचा रोव्हर्स कप सांगेल. देशभरच्या क्लबांची एक लीग मात्र अजून कुणाच्या डोक्यातही नाही. ती भारतात 1996 साली सुरू होईल. ब्राझीलमध्ये ती याच ऑगस्टात सुरू झाली आणि आज तिचा शेवटचा सामना आहे. तिथलं घड्याळ साडेआठ तास मागे आहे, म्हणजे रिओत आत्ता दुपारचे साडेबारा. चला, वेळ आहे.

थंडीतला स्वेटर काढून ठेवा, रिओत डिसेंबर म्हणजे उन्हाळा. मराकानाच्या तिकीट खिडकीवर सगळ्यात स्वस्त जागा मागा. तिला तिथे 'जेराल' म्हणतात. मैदानाला लागून, खालच्या अंगाला, उभ्यानेच सामना बघायचा. इथून चेंडू कमी आणि खेळाडूंच्या पोटऱ्या जास्त दिसतात, पण गंमत इथेच आहे. आजूबाजूला बघितलंत तर क्षणभर भंडाऱ्यातच असल्यासारखं वाटेल, कारण इथेही माणसांच्या कानाला ट्रान्झिस्टर आहेत. डोळ्यांसमोर चाललेला सामना ही मंडळी रेडिओवरही ऐकतात. जेरालमधून जे दिसत नाही ते समालोचक सांगतो.

जगात सर्वात मोठं म्हणून मिरवणारं हे मैदान आज अर्धंही भरलेलं नाही. ज्या देशाने मागच्याच वर्षी तिसऱ्यांदा वर्ल्ड कप जिंकला, त्याच्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा हा शेवट! नवल वाटेल, पण रिओच्या माणसाला आपली राज्याची स्पर्धा पुरते. शेजारच्या मोहल्ल्यातल्या क्लबाला हरवण्यात जी मजा आहे ती हजारो किलोमीटरवरच्या क्लबाला हरवण्यात कुठली? देश एवढा पसरलेला की फोर्तालेझाच्या सेआरा क्लबला पोर्तो आलेग्रेत खेळायचं तर तीन हजारांहून जास्त किलोमीटर विमानाने जावं लागतं. तरीही 20 क्लब खेळले. सत्ता लष्कराची आहे, राष्ट्राध्यक्ष जनरल मेदिसी फुटबॉलचे नादी आहेत, आणि ॲमेझॉनच्या जंगलातून महामार्ग काढणाऱ्या सरकारला देश जोडणारी लीग आवडणारच. पुढे याच हौसेपायी क्लब इतके वाढत जातील की 1979 साली लीगमध्ये 94 संघ असतील. त्याला लीग म्हणायचं की यात्रा, तुम्हीच ठरवा.

आता समोर बघा. एका बाजूला रिओचा बोटाफोगो, जैरझिन्होचा क्लब. दुसरीकडे बेलो होरिझोंतेहून आलेला अॅतलेतिको मिनेइरो. शेवटच्या फेरीत तीनच संघ उरले होते. अॅतलेतिकोने साओ पावलोला 1-0 हरवलं, मग साओ पावलोने बोटाफोगोला 4-1 धुतलं. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, त्यामुळे अॅतलेतिकोला आज बरोबरीही चालेल. त्यांचे प्रशिक्षक तेले सांताना. हेच पुढे 1982 च्या वर्ल्ड कपात ब्राझीलचा तो देखणा, हरलेला संघ घेऊन जातील.

नजर ठेवायची ती दारिओवर. लोक त्याला 'दादा माराविल्या' म्हणतात. उंच, हडकुळा, चेंडू पायाला लागला तर कुठे जाईल याचा नेम नाही. बालपण आईविना, चोऱ्यामाऱ्यांत आणि सुधारगृहात गेलेलं, बूट घालून फुटबॉल खेळायला लागला तोच उशिरा. पण हेडर मारावा तर त्यानेच. हवेत थांबू शकतात अशा गोष्टी तीनच, हेलिकॉप्टर, हमिंगबर्ड आणि आपण, असं तो सांगत फिरतो. मेदिसींना तो 1970 च्या वर्ल्ड कप संघात हवा होता, प्रशिक्षक साल्दान्या ऐकेनात. साल्दान्यांना काढलं गेलं, त्यामागे एवढंच कारण नव्हतं, पण झगालो आले आणि दारिओ मेक्सिकोला गेला. तिथे एक मिनिटही खेळला नाही. हुकूमशहाचा लाडका म्हणून त्याला नावं ठेवणारे आहेत. मला विचाराल तर त्यात त्याचा काय दोष? या मोसमात 14 गोल काही मेदिसींनी मारलेले नाहीत.

पहिला हाफ कोरा जातो. दुसऱ्याचा पाव तास उलटतो, तोच उंबेर्तो रामोस बाजूने सुटतो आणि चेंडू वर टाकतो. दारिओ उडतो. खरंच जरा जास्तच वेळ वर राहतो का, हे तुम्हाला जेरालमधून नीट दिसणार नाही, पण चेंडू जाळीत गेलेला कळतो, कारण पाहुण्यांच्या कोपऱ्यात एकच गलका होतो. 1-0. त्याचा पंधरावा गोल, लीगमधला सर्वाधिक. शिट्टी वाजते. अॅतलेतिको मिनेइरो, ब्राझीलचा पहिला राष्ट्रीय चॅम्पियन.

तूर्तास. बेलो होरिझोंतेहून आलेला कुणी मिठी मारेल, त्याला पुढचं सांगू नका. 2010 साली ब्राझीलचा महासंघ 1959 पासूनच्या जुन्या स्पर्धाही राष्ट्रीय विजेतेपदं म्हणून धरेल आणि पहिला चॅम्पियन एका कागदाने बाहिया होऊन जाईल. नकाशातून गोंदिया गेलं तेव्हा निदान माणसं जागच्या जागी होती, इथे तर जल्लोष करून झालेल्यांचाच मान जातो. मग 2023 मध्ये महासंघ आणखी मागे जाऊन 1937 ची एक स्पर्धा मान्य करेल, जी जिंकली होती अॅतलेतिकोनेच. म्हणजे मान परत घरी, फक्त दारिओच्या जन्माच्याही नऊ वर्षं आधीच्या तारखेने.

मिठी मारणारा तो माणूस पुढचा कप कधी, असं विचारेल. 'लवकरच' म्हणा. 50 वर्षं लागणार आहेत. 2 डिसेंबर 2021, साल्वादोर, समोर तोच बाहिया, 0-2 अशी पिछाडी, आणि मग पाच मिनिटांत तीन गोल.