बंब, हुकूम आणि समादेश-वाहन : अग्निशमनाच्या इतिहासातील एक प्रश्न

सोलापूर शहरातील सात रस्ता हा चौक नावाप्रमाणेच अनेक वाटांचा मेळ आहे. रंगभवनाकडून येणारी वाट, विजापूर रस्त्याकडे व होटगी रस्त्याकडे निघणाऱ्या वाटा, रेल्वे स्थानकाच्या बाजूची वाट, अशा कित्येक वाटा येथे एकमेकींस मिळतात. आगीची वर्दी घेऊन निघालेला बंब या चौकात पोचला म्हणजे त्याच्या चालकास एक वाट निवडावी लागते. त्यामागून दुसरा व तिसरा बंब येतो. मग कोणी कोणती वाट धरावी, कोणती मोकळी ठेवावी, रिकामा झालेला टँकर कोठून परतवावा, हे ठरविणारा कोणीतरी असावा लागतो. तो कोठे उभा राहतो आणि त्याच्या हाताशी कोणती साधने असतात, हा अग्निशमनाच्या इतिहासातील दिसण्यास लहान, परंतु परिणामी फार मोठा प्रश्न आहे. अधिकाऱ्याचे समादेश-वाहन हे त्या प्रश्नास मिळालेले अलीकडचे उत्तर होय.

१. शब्दांची साक्ष

मराठीत आग विझविण्याच्या गाडीस ‘बंब’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप, यापासून आला आहे. एकच शब्द मराठी घरात स्नानाचे पाणी तापविण्याच्या तांब्याच्या पात्रासही लागू झाला, आणि रस्त्यावर आग विझविणाऱ्या यंत्रासही. एकाच्या पोटात विस्तव व भोवती पाणी; दुसऱ्याच्या पोटात पाणी व समोर विस्तव. दोन्ही ठिकाणी लक्ष पाण्यावर व पात्रावर आहे. पुढे संस्थेसाठी संस्कृतातून ‘अग्निशामक दल’ हे नाव घडले, आणि कार्यास ‘अग्निशमन’ असे म्हणण्यात येऊ लागले. या नावांतही क्रिया आहे, कर्ता आहे. परंतु अनेक कर्त्यांच्या क्रिया एकसूत्री करणारा कोण, याचा बोध त्यांतून होत नाही.

त्या कार्यासाठी दोन शब्द प्रचारात आहेत. ‘नियंत्रण’ हा ‘यम्’ या धातूशी निगडित, म्हणजे आवरणे, लगाम घालणे या अर्थाचा. ‘समादेश’ हा ‘दिश्’ या धातूपासून, म्हणजे दाखविणे, दिशा देणे या अर्थाचा. राज्य राखीव पोलीस बलात गटप्रमुखास ‘समादेशक’ म्हणतात ते याच अर्थाने. आगीच्या जागी अधिकाऱ्याचे मुख्य काम माणसांना आवरण्यापेक्षा त्यांना दिशा दाखविण्याचे असते. म्हणून त्याच्या वाहनास समादेश-वाहन म्हणणे अधिक यथार्थ ठरते.

२. अधिकारी आधी पोचावा

मुंबईत १८५५ पासून आग विझविण्याचे काम पोलिसांकडे होते. १८८७ मध्ये ते नगरपालिकेच्या कक्षेत आले, आणि १८९० मध्ये लंडनच्या अग्निशामक दलातील डब्ल्यू. निकल्स यांची प्रमुख म्हणून नेमणूक झाली. त्या काळी बंब घोडे ओढीत. १९०७ मध्ये मुंबईत पहिला मोटार-बंब आला.

याच सुमारास अमेरिकेतील मोठ्या शहरांत प्रमुखासाठी स्वतंत्र हलकी बग्गी असे. तीत पाणी नसे, शिडी नसे. एक घोडा, एक सारथी आणि अधिकारी एवढाच तिचा पसारा. तिचे प्रयोजन एकच होते : जड बंबाच्या आधी पोचावे, आग पाहावी आणि बंब येताच त्यास जागा दाखवावी. बग्गीची जागा पुढे मोटारीने घेतली, तरी कल्पना तीच राहिली. मोटार अधिकाऱ्यास आगीपर्यंत नेई. तेथे पोचल्यावर मात्र तो उतरून आत जाई आणि मोटार रिकामी उभी राही. वाहन हे अद्याप केवळ प्रवासाचे साधन होते, कामाचे स्थान नव्हते.

३. १४ एप्रिल १९४४

एकसूत्री हुकुमाचा अभाव किती घातक ठरतो, याचे मुंबईच्या इतिहासातील सर्वांत भयंकर उदाहरण व्हिक्टोरिया गोदीतील स्फोटाचे आहे. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी कापसातून धूर निघू लागला. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा दारूगोळ्याचा अधिकारी आणि अग्निशामक दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स हे सर्व तेथे उपस्थित होते. जहाज बुडवावे, की गोदीबाहेर न्यावे, की पाण्याचा मारा करीत राहावे, याविषयी मते वेगवेगळी पडली. आणि सर्वांवर बंधनकारक होईल असा निर्णय देण्याचा अधिकार कोणा एकाकडे नव्हता. पाण्याचा मारा चालू राहिला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळण्यात येतो.

या घटनेत बंब कमी नव्हते, पाणीही कमी नव्हते आणि धैर्य तर मुळीच कमी नव्हते. उणीव होती ती सर्व माहिती एका ठिकाणी येण्याची आणि तेथून एकच आज्ञा निघण्याची.

४. फिरत्या पदापासून स्थिर स्थानाकडे

१९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात १३ दिवस वणवे पेटले. अनेक संस्थांची दले धावून आली. परंतु प्रत्येकाची परिभाषा निराळी, संदेशयंत्रणा निराळी आणि अधिकारश्रेणीही निराळी. या अनुभवातून प्रसंग-समादेशाची एक सामायिक पद्धती घडविण्यात आली. तिच्या मुळाशी एक भाषिक निर्णय होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : सांकेतिक आकड्यांऐवजी साधी भाषा वापरावी, आणि एका पदास सर्वत्र एकच नाव असावे. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये याच धर्तीची प्रतिसाद-पद्धती प्रसृत केली.

शहरी आगींच्या बाबतीत फीनिक्सचे प्रमुख अ‍ॅलन ब्रुनासिनी यांनी, विशेषतः १९८५ च्या आपल्या ग्रंथातून, अधिकाऱ्याने एका स्थिर जागी, शक्यतो वाहनातच बसून हुकूम चालवावा असे प्रतिपादन केले. बाहेर गोंगाट, पाणी व धूर यांत अधिकारी जे ऐकू शकत नाही, ते बंद गाडीत ऐकू शकतो. बिनतारी संदेश न ऐकला जाणे म्हणजे आतील माणसाची हाक न ऐकली जाणे होय.

५. वाहनाची सिद्धता

अशा वाहनात काय असावे, याचा विचार त्याच्या कार्यावरून करावा लागतो. पहिली गरज संदेशाची. आगीच्या जागी जवानांशी बोलण्याचे एक यंत्र आणि मुख्य केंद्राशी बोलण्याचे दुसरे, अशी दोन यंत्रे वेगळी हवीत. एकाच वाहिनीवर दोन्ही संभाषणे चालल्यास जवानाची हाक टँकरच्या मागणीत बुडून जाते. यंत्रांसाठीची बॅटरी गाडी सुरू करण्याच्या बॅटरीहून निराळी ठेवावी लागते, नाही तर रात्रभराच्या कामानंतर गाडीच हलत नाही.

दुसरी गरज वेळेची. श्वसनयंत्राच्या ६.८ लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सुमारे २,०४० लिटर हवा मावते. मिनिटास ४० लिटर धरल्यास ती ५१ मिनिटे पुरेल. कष्टाचे काम करताना ६० लिटर लागल्यास ३४ मिनिटेच. म्हणून आत कोण, कोणत्या वेळी, किती दाबाने गेला, हे लिहिण्याचा फलक व घड्याळ ही साधी वस्तू वाहनातील सर्वांत मोलाची होय.

तिसरी गरज पाण्याच्या हिशेबाची. एका नळीतून मिनिटास ४५० लिटर पाणी जात असेल, तर ५,००० लिटरचा टँकर अकरा मिनिटांत रिकामा होतो. दोन नळ्या लावल्यास साडेपाच मिनिटांत. तेव्हा विहिरी, टाक्या व भरणा-केंद्रे दाखविणारा नकाशा वाहनात नसेल, तर पाण्याची साखळी तुटणारच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतींच्या आगप्रतिबंधक व्यवस्थेची जी माहिती संकलित होते, ती दप्तरात राहण्याऐवजी या वाहनात असेल तरच कामाची.

शेवटची गोष्ट उभे राहण्याची. वाहन वाऱ्याच्या वरच्या अंगास, इमारतीच्या दोन बाजू दिसतील असे, शिडीची वाट न अडविता, आणि इमारतीच्या उंचीच्या किमान दीडपट अंतरावर असावे. त्यावर ठळक निशाणी असावी. ब्रिटनमध्ये त्यासाठी तांबड्या-पांढऱ्या चौकटींची खूण रूढ आहे.

६. पुढे की मागे?

या व्यवस्थेविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे. नायकाने सर्वांच्या पुढे असावे, अशी आपल्याकडील धारणा आहे, आणि ती निव्वळ भावनेची नव्हे. स्वतः आगीजवळ गेल्याखेरीज आग कळत नाही, हा अनुभवही तिच्यामागे आहे. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवी भागातील गोकुळ निवास या जुन्या इमारतीस आग लागली. तेथे प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, तसेच संजय राणे व महेंद्र देसाई हे पुढे राहूनच काम करीत होते. इमारत कोसळली आणि त्या दुर्घटनेत या चौघांस प्राण गमवावे लागले. त्यांचे शौर्य निर्विवाद आहे. परंतु एकाच घटनेत दलाचे शिर व त्याचा अनुभव दोन्ही हिरावले गेले, हाही इतिहासाचा भाग आहे.

या संदर्भात पानिपताची आठवण होते. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले व गर्दीत शिरले. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला, अशी हकीकत सांगितली जाते. अंबारी ही केवळ बसण्याची जागा नव्हती. हुकूम जागेवर आहे, याची ती सर्वांस दिसणारी खूण होती. समादेश-वाहनाचे कार्य तत्त्वतः तेच आहे. अधिकाऱ्याने आग जवळून पाहण्यास ते आड येत नाही. पाहून तो परत कोठे येणार, आणि तो दूर असताना त्या जागी कोण बसणार, हे मात्र ते निश्चित करते.

सोलापूरच्या बाबतीत या विचारास विशेष महत्त्व आहे. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली, आणि सूत, चादर व टॉवेल यांवर या शहराचे जीवन उभे राहिले. कापूस धुमसतो, वरून विझल्यासारखा दिसतो आणि आत पेटत राहतो. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यास लागलेल्या आगीत आठ माणसे दगावली. शिवाय या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चार भाषा नांदतात. जाळीआड अडकलेल्याची माहिती शेजारी कोणत्या भाषेत सांगेल, याचा नेम नाही. ती ऐकून, समजून, एका स्पष्ट वाक्यात पुढे पाठविणारा माणूस वाहनात असणे हीही सिद्धताच होय, आणि तिला पैसा फारसा लागत नाही.

महानगरपालिकेची स्थापना १ मे १९६४ रोजी झाली, तेव्हापासून बंब व अग्निशामक दल बाळगणे हे तिचे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे. बंब मोजता येतात, म्हणून अंदाजपत्रकात त्यांचीच मागणी प्रथम होते. सात रस्त्यावर येऊन थांबलेल्या तिसऱ्या बंबाला मात्र आणखी एका बंबाची गरज नसते. त्याला कोणत्या वाटेने जायचे, हे सांगणारा आवाज हवा असतो.